निष्कंप

त्या वर्षी सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी संध्याकाळी येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाचाही हात कापत नव्हता. चहावाला कप काठोकाठ भरून देई आणि ऐंशीच्या घरातले आजोबा तो थेंबही न सांडता ओठांपर्यंत नेत. शाळेत ‘थरथरत्या हातांनी’ असं धड्यात आलं की शिक्षकांना ते करून दाखवावं लागे, आणि मुलं हसत. कंपवात, हात कापणं, मान हलणं हे सगळं देवी आणि नारूच्या रोगासारखं जुन्या आठवणींत जमा झालं होतं.

ही किमया शमकाची. शमक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र. मेंदूच्या पार आत, जिथून हालचालींचे निरोप ये-जा करतात त्या थॅलमस नावाच्या केंद्राजवळ ते बसवत. हातात उठणारा प्रत्येक कंप ते ऐके आणि बरोबर तेवढाच, पण उलटा कंप मेंदूत सोडी. दोन लाटा समोरासमोर आल्या आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला, तर पाणी सपाट होतं. हाताचंही तसंच होई. बसवायला चाळीस मिनिटं पुरत. सकाळी गेलेला माणूस दुपारी घरी येऊन जेवत असे.

मंदार चितारीने शमक बसवून घेतला तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. त्याच्या घरात चार पिढ्या रंगकाम चालत आलेलं. पणजोबांपासून वडिलांपर्यंत सगळ्यांनी लाकडी फळं आणि खेळणी रंगवली. मंदार डोळे रंगवायचा. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला त्यांच्या खोबणीत बसवायचे कृत्रिम डोळे. यंत्रावर छापलेले डोळे बाजारात मिळत होते, पण ते फार नीटनेटके असत, आणि माणसाचा डोळा तितका नीटनेटका कधीच नसतो. मंदार माणसाला खिडकीपाशी बसवून त्याचा उरलेला डोळा तासन्‌तास न्याहाळी. बुबुळाच्या कडेची धुरकट रेघ, तपकिरीत दडलेला एखादा पिवळा ठिपका, सगळं उतरवी. शेवटी पांढऱ्यावर लाल रेशमाचे केसाहून बारीक धागे शिरा म्हणून बसवी. त्याच्याकडे डोळा करून घ्यायला कोल्हापूर, बेळगाव, कारवारहून माणसं येत.

पन्नाशी उलटल्यावर त्याचा उजवा हात कापू लागला. आधी अंगठा, मग मनगटापासून पुढचं सगळं. वर्षभर त्याने ते कुणाला सांगितलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो काम रेटत राहिला. मग एकदा कुडाळच्या एका शिक्षिकेचा डोळा शेवटच्या दिवशी बिघडला. बाहुलीच्या कडेवरून ब्रश घसरला आणि काळा रंग बुबुळात पसरला. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनीच रुमाल काढून टेबलावरचा रंग पुसला, त्यामुळे मंदारला जास्तच लागलं.

तरी त्याला शमक बसवणाऱ्या केंद्रात नेलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्याची आई, वृंदा, ऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. गिळणंही अवघड झालं होतं. मंदारची बायको ऋतुजा कॉलेजात शिकवायची, ती सकाळी साडेसातला घर सोडी, म्हणून आईला न्याहारी भरवणं मंदारकडे होतं. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला रीत शिकवली होती. पेज घट्ट हवी, चमचा लहान हवा, हनुवटी खाली, आणि एक घास गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. आईला थांबायचं असलं की ती डावा तळवा वर करी. दोघांमध्ये एवढी एकच भाषा उरली होती. पण आता चमचा तिच्या तोंडापर्यंत जाईतो अर्धा रिकामा होई. पेज तिच्या गळ्यावर, उशीवर सांडे. एके दिवशी तिने आपल्या चांगल्या हाताने त्याचा कापता हात धरला आणि चमचा आपल्या तोंडात घालून घेतला. त्याच आठवड्यात मंदारने केंद्राची वेळ घेतली.

डॉक्टर अन्विता मणेरीकर चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी त्याला समोर बसवलं.

“हात मांडीवर सैल सोडा, काका.”

सोडला. हात शांत पडून राहिला.

“आता समोर ताठ धरा. आता माझ्या बोटाला टेकवा, मग स्वतःच्या नाकाला.”

हात कापत कापत गेला आणि कापत कापत आला.

“कंपवात आहे का हो?” मंदारने विचारलं.

“नाही. कंपवाताचा हात बहुधा निवांत असताना कापतो आणि कामाला लागला की थांबतो. तुमचं उलट आहे. लहान मेंदू बिघडला असता तर बोटाजवळ येता येता झोका वाढत गेला असता, तेही नाही. थायरॉइड ठीक आहे. दुसरी औषधं चालू नाहीत. चहा किती घेता?”

“चार कप.”

“चहाने कंप वाढतो. भीतीने, तापाने, उपाशी राहिल्यानेही वाढतो. पण तुमचा त्याने सुरू झालेला नाही. वडिलांचा हात कापायचा?”

“साठीनंतर. खेळण्यांचे डोळे मग आईच काढायची.”

“म्हणजे हा तुमच्या घराण्यातून आलाय. मेंदूतल्या एका लयीने जरा जास्त जोर धरलाय, बाकी काही नाही.” त्यांनी आपला हात पुढे केला आणि बोटांवर एक पातळ कागद ठेवला. कागदाची कड बारीक थरथरत होती. “माझाही बघा. प्रत्येकाचा हात कापतो, सेकंदाला आठ-दहा वेळा. डोळ्यांना दिसत नाही इतकंच.”

“तो कशासाठी?”

“कशासाठी नाही. हृदयाचा ठोका असतो, स्नायूंची ओढाताण असते. गिरणी चालू असली की भिंत हादरतेच, तसं. शमक तो कंपही काढून टाकतो. तुमचा हात माझ्याहून स्थिर होईल.”

तसा तो झाला. चौथ्या दिवशी मंदारने आईला वाटीभर पेज भरवली आणि उशीवर एक शितही पडलं नाही. आईने त्याच्या गालाला हात लावला. त्या महिन्यात त्याने कुडाळच्या बाईंचा डोळा नव्याने केला, आणि तो इतका साधला की आरशात पाहून बाईंनाच क्षणभर खरा कुठला, रंगवलेला कुठला ते कळेना.

सहा महिने असे आनंदात गेले. त्यानंतर एक छोटीशी गोष्ट घडली. कारवारच्या एका दुकानदाराने दोन डोळे पाठवले, एक मंदारने केलेला, एक दुसऱ्याचा. डब्यांवरची नावं पुसली होती, तुमचा कुठला ते सांगा म्हणून चिठ्ठी होती. मंदारने दोन्ही भिंगाखाली धरले. रंगाच्या थरांवरून त्याने आपला ओळखला. पण ती ओळख पोलिसाने ठसे पाहून पटवावी तशी होती. पूर्वी आपलं काम हातात घेतलं की ब्रश कुठे टेकला, कुठे श्वास रोखला, ते त्याच्या बोटांना आठवायचं. आता तो डोळा कुणीतरी केलेला होता, उत्तम केलेला.

ऋतुजालाही काही जाणवत होतं. एकदा तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, “काय चाचपतोयस? भाजी घेतोयस का बाजारात?” तो हसला. तिने त्याचा हात बाजूला केला.

त्याच सुमारास एका रविवारी अन्विता मणेरीकर घरी आल्या. ऋतुजाने चहा केला. डॉक्टरांनी कपाला हात लावला नाही.

“काका, एक गंमत करून बघू. तळपायाला स्वतःच गुदगुल्या करा.”

“स्वतःला कधी होतात का?”

“करा तर.”

मंदारने चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि उजव्या हाताची बोटं तळव्यावरून फिरवली. त्याने पाय झटकन मागे ओढला आणि त्याला हसू फुटलं. ऋतुजाही हसली. डॉक्टर हसल्या नाहीत.

“डाव्या हाताने करा.”

डाव्या हातानेही तेच. शमक दोन्ही हात शांत करत असे.

“माणसाला स्वतःच्या गुदगुल्या होत नाहीत,” त्या म्हणाल्या, “कारण काय होणार ते मेंदूला आधीच माहीत असतं. हात आपलाच आहे ना. पण तो आपला आहे हे मेंदूला कशावरून कळतं? आम्ही समजत होतो, डोळ्यांना दिसतं, कातडीला जाणवतं म्हणून. आमचं चुकलं. तो जो बारीक कंप मी तुम्हाला कागदावर दाखवला होता, बिनकामाचा म्हणाले होते, त्यावरून कळतं. मेंदू प्रत्येक क्षणी हाताला बारीकशी हाक मारत असतो आणि हात तितकीच बारीक ओ देत असतो. हाकेला ओ जुळली की मेंदूची खात्री पटते, हा माझा. आम्ही त्याला आता स्वकंप म्हणतो. शमक आजाराच्या कंपाबरोबर स्वकंपही पुसतो.”

“पण हात काम तर करतोय माझा. पहिल्यापेक्षा चांगलं.”

“करतो. सांगितलेलं सगळं करतो. पण ते तुम्ही केलंत असं तुमच्या आत उमटत नाही. वेंगुर्ल्याला माझे एक रुग्ण आहेत. अतिशय सालस माणूस. गेल्या महिन्यात त्यांनी मुलीच्या थोबाडीत मारली आणि परत वर्तमानपत्र उघडलं. मारलं हे त्यांना माहीत आहे. का मारलं तेही सांगतात. वाईट मात्र वाटत नाही. शेजारच्याने मारलं असतं तर वाटलं असतं तेवढंसुद्धा नाही. असे अकरा जण माझ्या पाहण्यात आलेत.”

ऋतुजाने मंदारकडे पाहिलं.

“बंद करता येतो?” तिने विचारलं.

“येतो. कंप परत येईल, पहिल्यापेक्षा थोडा जास्तच. स्वकंपही येईल, पण हळूहळू.”

मंदारने खिडकीपाशी पलंगावर पडलेल्या आईकडे पाहिलं. ती त्यांचं बोलणं ऐकत होती. ऐकायला तिला सगळं येत होतं.

“आणि हिला पेज कोण भरवणार?” तो म्हणाला. “राहू दे, डॉक्टर. मी काही कुणाच्या थोबाडीत मारत नाही. डोळे स्वतः केल्यासारखे वाटले नाहीत तर न वाटोत. पुढच्या वर्षी बघू.”

डॉक्टरांनी फार आग्रह केला नाही. या गोष्टीचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं.

मार्गशीर्षातली एक सकाळ होती. ऋतुजा कॉलेजात गेली होती. मंदारने आईला उशांवर टेकवून बसवलं, गळ्याशी पंचा बांधला आणि पेज भरवायला घेतली. एकीकडे तो हुबळीच्या एका मुलीच्या डोळ्याचा विचार करत होता. तिच्या बुबुळातला हिरवा रंग जमत नव्हता. आठ-दहा चमचे झाले असतील. आईने डावा तळवा वर केला.

मंदारने तो पाहिला. यात शंका नाही. पुढे त्याने स्वतःला हजारदा विचारलं आणि उत्तर बदललं नाही. तळवा दिसला, त्याचा अर्थ कळला, थांबायला हवं असंही मनात आलं. पण ते मनात आलं ते रस्त्यापलीकडच्या माणसाला पाहून, त्याने थांबायला हवं असं वाटावं तसं. समोर एक हात वाटीतून चमचा भरत होता. तो तोंडाकडे गेला. परत आला, भरला, पुन्हा गेला. एखादी गोष्ट थांबवायची तर ती करणारा आपण असावं लागतं. मंदार पाहत होता. तिसरा चमचा गेल्यावर आईचा चेहरा जांभळा झाला आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. तेव्हा तो उठला, तिला पुढे वाकवून पाठीवर थापलं, रुग्णवाहिका बोलावली. हे सगळं त्याने बिनचूक केलं.

पेज फुप्फुसात गेली होती. चौथ्या दिवशी न्यूमोनियाने आई गेली.

लोक भेटायला येत, म्हणत, “सुटली बिचारी. तू केलंस हो तिचं सगळं.” मंदार मान हलवी. आई नाही याचं त्याला दुःख होतं. रिकाम्या पलंगाकडे पाहून डोळे भरून येत. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने ऋतुजाला त्या सकाळचं सगळं सांगितलं. तळवा, तीन चमचे, सगळं. सांगता सांगता त्याने ताकाची वाटी उचलून ताक प्यायलं.

ऋतुजाचा घास हातातच राहिला.

“तिने थांब म्हटलं होतं?”

“हो.”

“आणि तू बघितलंस.”

“बघितलं.”

“मंदार, हे तू मला असं सांगतोयस, जसं शेजारच्या पाटकरांच्या घरात काहीतरी झालं.”

“मला माहीत आहे गं मी काय केलं ते. पण ते माझ्यापर्यंत येत नाही. मी आणतोय ओढून. येत नाही.”

ती ताटावरून उठली. त्या दिवसापासून ती आईच्या खोलीत झोपू लागली. आठवड्याने तिनेच केंद्रात फोन केला.

अन्विता मणेरीकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “बंद करू या. पण एक सांगते. स्वकंप परत आला की मेंदू तेव्हापासूनच्याच गोष्टी आपल्या मानतो असं नाही. तो मागे जातो. हाताने या काळात जे जे केलं ते पुन्हा वाचतो आणि एकेक करून आपलं म्हणतो. दोघांमध्ये मी हे पाहिलंय. वेंगुर्ल्याचे ते गृहस्थ...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “तुमच्या हाताने जे केलं ते त्यांच्यापेक्षा मोठं आहे, काका. नीट विचार करा.”

“बंद करा,” ऋतुजा म्हणाली.

डॉक्टरांनी मंदारकडे पाहिलं.

“करा,” तो म्हणाला. “आईसाठी मला ते वाटायला हवं. एवढं तरी.”

डोक्याला बाहेरून लावलेल्या एका चुंबकी पट्टीनेच शमक बंद झाला. केंद्राची पायरी उतरतानाच उजवा हात कापू लागला, आणि आठवड्याभरात डावाही. महिना असाच गेला. मंदार वाट पाहत होता. रोज सकाळी तळपायाला गुदगुल्या करून बघे आणि होतात म्हणून निराश होई. सहाव्या आठवड्यात एका सकाळी त्या झाल्या नाहीत.

त्याच दिवशी दुपारी तो ओट्यापाशी भांडी पुसत होता. स्टीलची एक वाटी हातात होती, आणि एकाएकी तिचं वजन त्याला लागलं. वर्षभर कुठल्याच वस्तूला असं वजन नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. क्षणभर बरंही वाटलं. मग बाकीचं आलं. त्याला चमचा आठवला, आणि या वेळी तो चमचा बोटांच्या आतून आठवला. तिसऱ्या खेपेला आईने दात मिटले होते. ही गोष्ट त्याने ऋतुजाला सांगितली नव्हती. ती त्याला ठाऊकच नव्हती, कारण ती डोळ्यांना दिसलेली नव्हती, फक्त बोटांना लागली होती. चमचा दातांवर अडला होता, आणि बोटांनी तो जरा तिरका करून, जोर देऊन आत सारला होता. त्याच्या बोटांनी. त्याने.

ऋतुजा घरी आली तेव्हा तो ओट्याखाली फरशीवर बसला होता आणि उजवा हात त्याने फडक्यात गुंडाळून पोटाशी दाबून धरला होता. त्याने तिला दातांचं सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगू लागला तेव्हा ऋतुजाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“पुरे, मंदार. मला हे नको होतं,” ती म्हणाली. मग रडू लागली, कारण तिला हेच हवं होतं.

पुढचे चार महिने त्या घरात कसे गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. मंदार उजव्या हाताने जेवेना. चमचा दिसला की त्याला उलटी होई. ऋतुजाने घरातले सगळे चमचे पिशवीत घालून बहिणीकडे नेऊन ठेवले. पाप केलेला माणूस निदान स्वतःला फसवू शकतो, आपल्या लक्षात आलं नाही म्हणू शकतो. मंदारकडे ती सोय नव्हती. सकाळ पुन्हा पुन्हा तशीच्या तशी येई, तळव्यासकट, आणि तिच्यात करणारा तोच असे. डोळ्यांचं काम तर बंदच पडलं. हुबळीच्या मुलीचा डोळा हिरव्या रंगाअभावी टेबलावर तसाच राहिला.

शेवटी तो एकटाच अन्विता मणेरीकरांकडे गेला.

“परत चालू करा.”

“नाही काका. मी आता कुणाचाच चालू करत नाही.”

“तुमच्याकडे त्रास घेऊन आलेल्या माणसाला असंच परत पाठवता?”

“तुम्हाला होतंय तो आजार असता तर मी काहीही केलं असतं. चूक माझी आहे. यंत्र मी बसवलं. कंपाला काही अर्थ नाही असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्वतःला गुन्हेगार समजू नका.”

“तुम्ही सांगायला घरी आला होतात,” मंदार म्हणाला. “आणि मी म्हटलं पुढच्या वर्षी बघू. आई ऐकत होती.”

डॉक्टर दुसरंच बोलू लागल्या, जणू त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचं होतं. त्यांचं स्वकंपाचं संशोधन चार महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालं होतं. शमक बसवलेल्या एकेचाळीस हजार लोकांना केंद्राने पत्रं पाठवली होती. काय होतं, का होतं, सगळं सोप्या शब्दांत लिहून, बंद करायला या म्हणून.

“किती आले?”

“दोनशे सहा.”

“बाकीच्यांना पत्र मिळालं नसेल.”

“मिळालं. आम्ही फोनही केले.” त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. “त्यांनी वाचलं, काका. आणि ते आले नाहीत.”

बेळगावात एक नवं खाजगी केंद्र निघालं होतं. तिथे फार प्रश्न विचारत नाहीत असं मंदारच्या कानावर आलं होतं. तो निघाला त्या सकाळी ऋतुजाने त्याला पोळीभाजीचा डबा दिला. कुठे जातोस असं तिने विचारलं नाही. फाटकापर्यंत येऊन ती म्हणाली, “सांभाळून जा,” आणि बस वळेपर्यंत तिथेच उभी राहिली. आपल्याला जाऊ देण्यात तिची सुटका आहे की शिक्षा, हे मंदारला ओळखता येईना.

केंद्राचा हॉल माणसांनी भरला होता. चाळीसएक माणसं खुर्च्यांवर रांगेने बसली होती, तरणी, म्हातारी, चांगल्या कपड्यांतली, गणवेशातलीही दोन-तीन. मंदारने नंबर घेतला आणि कडेच्या खुर्चीत बसला. त्याचा हात कापत होता आणि त्यातला कागद फडफडत होता. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच आवाज आहे. त्याने रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात मांडीवर नाहीतर पिशवीवर होते, कुणी फॉर्म भरत होतं, कुणी पाण्याची बाटली उघडत होतं. एकाचाही हात कापत नव्हता. जुने रुग्ण तपासून घ्यायला आले असतील, असं त्याला वाटलं.

शेजारी पंचेचाळिशीतली एक बाई बसली होती. साधी सुती साडी, केस नीट विंचरलेले, मांडीवर भरलेला फॉर्म. मंदारने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तुम्हाला बसवून किती दिवस झाले?”

“अजून नाही बसवला. आज बसवायचाय.”

“अच्छा. कंप कधीपासून आहे?”

“मला कंप नाही,” ती म्हणाली.

मंदारने पुन्हा रांगेकडे पाहिलं. या वेळी त्याने चेहरे पाहिले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गणवेशातला एक तरुण स्वतःच्या उघड्या तळव्यांकडे पाहत होता. मंदारचं लक्ष गेलेलं पाहून त्याने मुठी मिटल्या.

“तुमचा बसवलेला होता का आधी?” बाईने विचारलं. ती त्याच्या हाताकडे पाहत होती.

“होता. वर्षभर.”

ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणला. “मग तुम्हाला विचारते. इथले लोक धड सांगत नाहीत. बसवल्यावर आधीचं आठवतं का हो?”

“आठवतं.”

“सगळं?”

“सगळं आठवतं. काहीच पुसलं जात नाही.”

तिचा चेहरा उतरला. मंदारला तिची दया आली. तिने काय केलं आहे हे त्याने विचारलं नाही, आणि त्याने काय केलं आहे हे तिने विचारलं नाही.

“पण दुसऱ्या कुणाचं तरी आठवल्यासारखं आठवतं,” तो म्हणाला.

आतून एक नंबर पुकारला गेला. बाईने आपला कागद पाहिला, उठली, पदर सारखा केला.

“मग चालेल,” ती म्हणाली.